अंगावर पाल टाकली की भीती जाते?

सध्या एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: फोबिया, म्हणजे एखाद्या गोष्टीची अनावर भीती, ही शहरी थेरं आहेत. घाबरणारा माणूस मनाने कच्चा असतो. ज्याची भीती वाटते ते सरळ टाळावं, नाहीतर एकदा अंगावर टाकावं, पाच मिनिटांत भीती पळते. आणि सुई बघून चक्कर येणारे निव्वळ नाटकं करतात. आमच्या घरच्या ग्रुपवर मामाने तो टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मावशी तेवढी गप्प होती.

‘मनाने कच्चा’ हे आधी घेतो. मावशीने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घरातली पाल विषारी नसते हे तिनेच आम्हाला सांगितलेलं. वर्गात साप निघाला तेव्हा मुलांना शांतपणे बाहेर काढणारीही तीच. पण ट्यूबलाइटमागून पाल सरकली की तिचे हात गार पडतात, छाती धडधडते आणि दुसऱ्या क्षणी ती खोलीबाहेर असते. माहिती कुठे कमी पडत नाही. मेंदूतली धोक्याची घंटा विचार पुरा व्हायच्या आतच वाजते. त्यात भीतीच्या जोडीला किळस असते आणि मागाहून लाजही येते. ‘या वयात हे काय गं माझं’, हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलंय.

शहरी थेरांबद्दल फार लिहायला नको. मावशीचा जन्म खेड्यातला, आणि पालीची धास्ती तिला सातव्या-आठव्या वर्षापासून आहे. प्राण्यांचे फोबिया बहुधा याच वयात सुरू होतात.

‘टाळा, विषय संपला.’ खरी गोम इथे आहे, कारण विषय इथूनच सुरू होतो. दिवेलागणीनंतर स्वयंपाकघरात जाताना मावशी आधी झाडूच्या दांड्याने चौकटीवर तीनदा ठोकते. उन्हाळ्यात रात्री पाणी पीत नाही, कारण मग बाथरूमला उठावं लागेल. कोणाच्याही घरी गेली की यजमानांच्या आधी छताचे कोपरे बघते, आणि भिंतीवरचा खिळासुद्धा तिला क्षणभर पाल वाटतो. टाळलं की हायसं वाटतं आणि ते हायसं वाटणं हेच बक्षीस ठरतं. ‘पळालो म्हणून वाचलो’ अशी नोंद मेंदू करून ठेवतो. थांबलो असतो तरी काही झालं नसतं, हे पडताळून बघायची वेळच येत नाही. नुसतं दचकण्याला डॉक्टर फोबिया म्हणत नाहीत. भीती सहसा सहा महिन्यांहून जास्त टिकलेली असावी आणि तिच्यापायी जगण्यात अडथळा येत असावा, असा निकष आहे.

‘मग अंगावर टाका.’ टाकून झालंय. एका गणपतीत मामेभावाने तिच्या मांडीवर रबरी पाल टाकली. पाच मिनिटांत पळाली ती भीती नव्हे, मावशी. पुढे कित्येक महिने ती त्या सोफ्यावर बसली नाही, आणि मामेभाऊ मागून आला तरी दचकायची.

यात अर्धं सत्य आहे हे मी मान्य करतो. भीतीला सामोरं गेल्यानेच ती उतरते, पण कसं ते बघा. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला गेला, आणि शेवटी पोरगं सशाला बोटं कुरतडू द्यायला लागलं. त्याआधी त्याची बरीच प्रगती झाली होती, पण इस्पितळातून घरी निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळी भीती परतली. अंगावर टाकायचा आग्रह धरणाऱ्यांनी तो कुत्रा लक्षात ठेवावा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांची एकाच बैठकीत उपचाराची पद्धत आहे, ती बैठकसुद्धा तीन तासांपर्यंत चालते. पुढची पायरी आधी सांगतात आणि रुग्ण हो म्हणाल्यावरच चढतात.

राहिलं ‘नाटक’. इतर फोबियांत नाडी आणि रक्तदाब वाढतो, चक्कर सहसा येत नाही. रक्त आणि सुईच्या फोबियात मात्र रक्तदाब आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो, म्हणून माणूस खरोखर कोसळतो. अशांना ‘अंग सैल सोडा’ सांगणं उलटच पडतं. हात, पाय, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा गरम वाटला की सोडायचं, थोडं थांबून पुन्हा आवळायचं. रक्तदाब टिकून राहतो. हीदेखील ओस्ट यांनीच रुळवलेली पद्धत.

मामाला ती शिकवायला हवी. रक्त तपासायला गेला की खुर्चीत बसण्याआधी तो हळूच विचारतो, ‘आडवं झालेलं चालेल ना?’