एमसीबी बदलून भागणार नाही

जुनी ॲल्युमिनियम वायरिंग तापते, त्यावर लेखात उपाय म्हणून फक्त नवा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सुचवलाय. पण सैल जोड तापतो तेव्हा करंट वाढत नाही, त्यामुळे एमसीबी पडतच नाही! ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं, स्क्रूखाली दबत जातं, वर ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून जोड सैल होऊन तापतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, आणि धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरातल्या लाकडी पट्टीवरच्या त्याच जुन्या वायरीवर आता एसी. तो भार तिचा नाहीच. एसी-गिझरला मेन बोर्डापासून ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन ओढा, अर्थिंगसकट. तांबं-ॲल्युमिनियम पिळून टेप मारणं सर्वांत वाईट. बायमेटॅलिक लगच (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला जोड) वापरा. सॉकेट पिवळं पडलं किंवा जळका वास आला तर मेन बंद करून लगेच वायरमन बोलवा.