शकुंतला रेल्वेचे मालक लंडनला नव्हे, मुंबईत आहेत

“यवतमाळ जिल्ह्यातले दारव्हा मोतीबाग जंक्शन आणि सगळी शकुंतला रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची आहे, भारत दरवर्षी 1 कोटी 20 लाख रुपये ब्रिटनला भरतो आणि वाफेची गाडी अजून धावते,” हा मजकूर आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर चार वेळा आला. नाशिकला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाच्याने तो वहीत उतरवून पाठ केला, तेव्हा मात्र गप्प राहवेना. माझ्या आईचे माहेर दारव्ह्याचे आहे.

अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ हा 189 किलोमीटरचा नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांचा मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, आणि ही कंपनी 1910 साली मुंबईत नोंदलेली आहे. ही एक नोंद पाहिली असती, तरी पुढचा सारा मजकूर लिहिण्याची वेळ आली नसती. तिच्यामागची किलिक निक्सन ही पेढीही 1857 मध्ये मुंबईतच निघाली. ती काढणारे इंग्रज होते आणि 1951 च्या सुमारास रेल्वेची फेररचना झाली तेव्हा हा मार्ग खासगीच राहिला, एवढे मान्य करावे लागते. पण ती पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हाती आली. खरोखर लंडनमध्ये नोंदलेली होती ती बार्शी लाइट रेल्वे, आणि ती सरकारने 1954 मध्ये विकत घेतली.

पैशाचे म्हणाल, तर गाड्या आधी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आणि नंतर मध्य रेल्वे चालवायची, आणि करारानुसार उत्पन्नातला वाटा मिळायचा तो या मुंबईच्या कंपनीला. त्याला ब्रिटनची खंडणी म्हणणे खोटे आहे. वाफेचे इंजिन तर 15 एप्रिल 1994 लाच काढले आणि आता डिझेलची गाडीही बंद आहे.

जंक्शनचेही तसेच आहे. दारव्ह्याहून पुसदला जाणारा फाटा शकुंतला थांबण्याच्या कितीतरी आधी उखडला गेला, म्हणजे जंक्शन हे नाव तेवढे उरले. सर्वांत घातक गोष्ट पुढची आहे. शकुंतलेच्या ब्रॉडगेजसाठी, म्हणजे रुंद रुळांसाठी, विदर्भातले लोक वर्षानुवर्षे निवेदने देत आहेत आणि त्यांच्याच हातात हा मजकूर पडतो, तेव्हा अडवणूक परदेशातून होते आहे असे त्यांना वाटू लागते. प्रश्न रेल्वे मंत्रालय आणि मुंबईची एक कंपनी यांच्यातल्या कराराचा आणि खर्चाचा आहे. तो खासदाराला विचारता येतो, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज दारव्हा, पुसदवरूनच आखलेली असल्याने आजच विचारायला हवा.