टायर जपून ठेवा, भाव येईल

मागच्या अंगणातला जुना टायर भंगारवाल्याला देऊन टाकू नका. भांडवल आहे ते. उद्या बोर्ड लावा: 'आम्ही हा टायर जाळणार होतो, पण जाळला नाही.' न निघालेल्या धुराचेही पैसे मिळतात; टनामागे एक विकाऊ पावती, तिला कार्बन क्रेडिट म्हणतात. जाळणारच होतात हे पटवायचं; तिथेच खरं कसब.

पटत नसेल, तर फ्रिज-एसीचा वायू बनवणाऱ्या कारखानदारांची शिकवणी लावा. हा वायू, म्हणजे एचसीएफसी-22, तयार होताना एचएफसी-23 नावाची घाण आपोआप निघते. पूर्वी ती बिनबोभाट हवेत जायची. मग हवामान तापू नये म्हणून 1997 चा क्योटो करार आला. श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करायचा. जिवावर येत असेल तर भारत-चीनमध्ये कुणी कमी केलेला विकत घ्यायचा. (एकादशी शेजाऱ्याने धरायची, पुण्य आपल्या नावावर, आणि घरात वडे तळणं चालूच.) करारातल्या हिशेबाने पृथ्वी तापवण्यात एक टन एचएफसी-23 म्हणजे 11,700 टन कार्बन डायऑक्साइड. ती टनभर घाण जाळली की क्रेडिटं 11,700! जाळण्याचा खर्च किरकोळ. मालापेक्षा घाणीलाच जास्त भाव. उसापेक्षा पाचट महाग म्हणा ना.

तेव्हा गुरुमंत्र असा: यंत्र सुधारून घाण कमी करण्याचा शहाणपणा करू नका, पोटावर पाय येईल. क्रेडिटांची मर्यादा गाठेपर्यंत माल काढत राहा, खपो न खपो. त्या मालाने ओझोनचा थर विरतो, असं कुणी म्हणालंच तर सांगा, ओझोनचा करार वेगळा, त्याची खिडकी पलीकडे.

धूर सोडण्याच्या परवान्यांचं म्हणाल तर सुरुवातीलाच भरपूर मागा, तेही फुकट. युरोपने 2005 पासून ते इतक्या सढळ हाताने वाटले की 2007 मध्ये भाव शून्याला टेकला. धुराड्यांना काय, त्यांची पंगत चालूच राहिली.

एकच धोका सांभाळा. 2013 मध्ये युरोपने या घाणीची क्रेडिटं घेणं थांबवलं, आणि 2016 मध्ये भारत सरकारने कारखान्यांना सरळ सांगितलं, स्वखर्चाने जाळा. ना बाजार, ना दलाल, ना पडताळणीवाले साहेब! असले रुक्ष हुकूम वारंवार निघू लागले तर आपल्यासारख्यांनी जगायचं कसं? पण 2023 मध्ये आपल्याकडेही कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आहे. शेजाऱ्याकडेही एक टायर पडलाय म्हणे. आजच विचारून ठेवा.