बोलणाऱ्या मुलांना मुकं ठरवणारी परीक्षा

ऑनलाइन इंग्रजी चाचणीच्या नावाखाली दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा जो छळ चाललाय, त्यावर स्टाफरूममध्ये चरफडून आता भागत नाही. मी गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते, पाचवीचे वर्ग माझ्याकडे असतात. आणि मी ठासून सांगते, या चाचणीतून मुलांच्या इंग्रजीबद्दल काडीचंही कळत नाही. हेडफोन कसा निघाला, नेट टिकलं का, शेजारचा पोरगा किती मोठ्यानं बोलला, यावर मार्क ठरतात आणि ते चिकटतात मुलांच्या कपाळी.

गोव्याबाहेरच्यांना आमची परिस्थिती ठाऊक नसेल म्हणून सांगते. इथं मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून चौथी पास झालेलं मूल पाचवीत येतं ते थेट इंग्रजी माध्यमात. १९९० पासून सरकारी अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच होतं, २०११ साली ते इंग्रजीला देण्यावरून केवढं रण माजलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण हायस्कुलं जवळजवळ सगळी इंग्रजीच. चौथीपर्यंत गणित, परिसर, गोष्टी सगळं मराठीतून शिकलेल्या मुलासमोर एका सुट्टीनंतर सगळी पुस्तकं परक्या भाषेत येऊन पडतात. सुरुवातीचे काही महिने आम्ही इंग्रजीचे शिक्षक दुसरं काही करत नाही, फक्त भीती घालवतो. चुकलं तरी बोल. अर्धं मराठीत बोल. हसणाऱ्याला मी बघून घेते, तू बोल. असं करत करत मुलांचं तोंड उघडायला लागतं आणि नेमकं तेव्हाच, गणेशचतुर्थीच्या तोंडावर, ही चाचणी येऊन आदळते.

चाचणी एका खासगी कंपनीची, संस्थेनं करार करून घेतलेली. आधी आम्हा शिक्षकांचं वेबिनार, मग त्यावरची प्रश्नावली, मग प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांचा नंबर पोर्टलवर चढवणं. नाव आधारकार्डासारखंच हवं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पोर्टल घेत नाही. मग लॉगिन. पासवर्डात कॅपिटल ओ आणि शून्य शेजारी-शेजारी! कीबोर्डवर अक्षरं सगळी कॅपिटल छापलेली, पासवर्डात हवीत लहान, आणि पडद्यावर दिसतात फक्त काळे ठिपके. चार वेळा चुकलं की खातं बंद. ते उघडायचं तर हेल्पलाइन, आणि हेल्पलाइनचं उत्तर एकच, रिफ्रेश करून बघा. रिफ्रेश केलं की मूल पुन्हा पहिल्या प्रश्नावर.

लॅबमधली निम्मी यंत्रं चालू, म्हणून मुलांच्या तुकड्या पाडायच्या. तुकड्या पाडल्या की तास जातात, आणि जातात ते इंग्रजीचेच. ज्या महिन्यात मुलांशी सगळ्यात जास्त बोलायला हवं, त्या महिन्यात मी वायरी उपसत असते. आमच्याच तालुक्यात मोपाला विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उतरतात. शाळेत मात्र पावसाची एक जोरदार सर आली की नेट मरतं आणि वीज गेली की यूपीएस दोन मिनिटं ओरडून गप्प होतो. वीज परत आल्यावर पडदा म्हणतो, हा विद्यार्थी दुसऱ्या यंत्रावर चाचणी देतोय. दुसरं यंत्र कुठलं? तो बिचारा जागचा हललेलासुद्धा नसतो.

हेही मी सहन केलं असतं. यंत्रं आहेत, बिघडतात. पण त्या सूचनापत्राचं काय करायचं? परीक्षा सुरू करताना आम्ही एक इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचायचा, जसाच्या तसा. एक शब्द बदलायचा नाही, मराठीत सांगायचं नाही, कोकणीत सांगायचं नाही. आता हिरवं बटण दाबा, मग चित्र पाहा, मग आवाज आल्यावर बोला, मग थांबा, हे सगळं इंग्रजीत. ज्याला इंग्रजी किती येतं हे अजून ठरायचंय, त्याला परीक्षा कशी द्यायची हे इंग्रजीतूनच सांगायचं! मुलं माझ्याकडे वळून बघतात. त्यांचे डोळे विचारतात, टीचर, करायचं काय? मला उत्तर माहीत असतं. चार शब्दांत सांगता येईल, आणि मी सांगितलं तर तो गैरप्रकार ठरतो. ज्या मुलांना महिनोन् महिने 'अडलं की मला विचार' असं शिकवलं, त्यांच्यासमोर मी दगडासारखी उभी राहायची, असा नियम आहे. हा नियम लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आणि बोलण्याचा भाग. तिथं तर माझं डोकंच फिरतं.

एका खोलीत एका रांगेत मुलं, प्रत्येकाच्या कानावर मोठ्या माणसाच्या मापाचा हेडफोन. तो घसरून गळ्यात येतो, मग मूल एका हातानं तो धरून बोलतं. वर पंखे घरघरतात. पंखे बंद करावेत तर ऑगस्टच्या दमट हवेत पोरं घामानं निथळतात. पत्र्यावर पाऊस. सगळी एकाच वेळी बोलतात, त्यामुळे याच्या मायक्रोफोनमध्ये त्याचा आवाज जातो. हुशार पोरं शेजाऱ्याचं ऐकून तेच म्हणतात, लाजरी पोरं शेजारी एवढ्या जोरात बोलतोय म्हटल्यावर गप्पच बसतात. यातल्या कुणाला इंग्रजी येतं हे तुम्ही कसं ठरवणार?

एक चित्र होतं. घरासमोर बर्फ साचलाय आणि एक माणूस फावड्यानं तो बाजूला सारतोय. आगरवाड्याकडचा एक मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, 'मॅन इज मेकिंग सॉल्ट. सॉल्ट इज इन हीप. सन इज हॉट.' त्याच्या गावात मिठागरं आहेत. पांढऱ्या राशी आणि त्या ओढणारी माणसं त्यानं जन्मापासून पाहिलीत, बर्फ कधीच पाहिलेला नाही. तीन वाक्यं बोलला, तिन्ही पुरी, कर्ता-क्रियापद जागेवर. दोन महिन्यांपूर्वी हाच मुलगा नाव विचारलं तरी खाली बघायचा. वर्गात असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. अहवालात त्याच्या उत्तरापुढे आलं, विषयाला धरून नाही.

हरमलच्या एका मुलीचं तर मला विसरता येत नाही. तिचे आईवडील पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देतात. हंगामात ही पोर परदेशी पाहुण्यांना सांगते की नळाला पाणी कधी येतं, पेडण्याची बस कुठे मिळते, कुठल्या खडकाकडे पोहायला जायचं नाही. 'नो स्विमिंग देअर, अंकल, वॉटर पुलिंग.' व्याकरण तुटकं असेल, पण ऐकणाऱ्याला कळतं आणि तो त्या पाण्यात उतरत नाही. भाषेनं यापेक्षा जास्त काय करायचं असतं? तीच मुलगी त्या पडद्यासमोर बसली. प्रश्न आला, तुला शाळा आवडते का? ती हसली आणि मान हलवली. पुढचं विचारतील म्हणून थांबली. समोर माणूस असता तर त्यानं ती मान पाहिली असती, का आवडते असं विचारलं असतं आणि ती सुटली असती. यंत्रानं बीप दिला, वेळ संपली. पुढच्या प्रश्नाला ती बोलायला लागली तोवर पुन्हा बीप. निकाल, प्री-ए१. म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली.

हे ए१, ए२ आलं कुठून? युरोप परिषदेनं २००१ साली भाषा शिकणाऱ्यांसाठी एक आराखडा काढला, सीईएफआर नावाचा, त्यातल्या या पायऱ्या. त्या आराखड्यात एकट्यानं बोलत राहणं आणि दुसऱ्याशी संवाद करणं या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत, दोन्हींचं वर्णन वेगवेगळं दिलंय. कंपनी पाटी त्याच आराखड्याची लावते आणि त्यातला संवाद मात्र तपासतच नाही. भिंतीशी बोलायला लावते आणि म्हणते, मुलाला बोलता येत नाही.

अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची दरवर्षी चाचणी घेणं २०१५ च्या संघीय कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं लाखो मुलं यातून जातात. पण कॅलिफोर्नियाची जी चाचणी आहे, ईएलपॅक, ती संगणकावर असूनही बोलण्याच्या भागाला प्रशिक्षित परीक्षक एकेका मुलासमोर स्वतः बसतो, ऐकतो आणि तिथल्या तिथे गुण देतो. त्यांच्याकडे यंत्रं कमी आहेत म्हणून नव्हे. मुलाचं बोलणं ऐकायला माणूस लागतो म्हणून.

आणि यंत्राच्या कानांवर एवढा भरवसा कशाच्या जोरावर? २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच बड्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभरातले सुमारे १९ शब्द चुकले, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात सुमारे ३५. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसांची ही गत! मग पेडण्याच्या पोराचा मराठी-कोकणी वळणाचा उच्चार, त्यात मागे पंखा आणि पाऊस, त्या यंत्राला किती कळला असेल?

लिहिण्याच्या भागाबद्दल फार बोलत नाही. वहीत देखणं लिहिणारी मुलं एका बोटानं अक्षर शोधत बसतात, दोन ओळी होतात, वेळ जातो. टायपिंग कधी शिकवलंच नाही त्यांना.

इतकं होऊन निकाल कपाटात पडून राहिला असता तरी मी गिळलं असतं. पण निकाल जातो पालकांच्या मोबाइलवर, लाल रंगात, मुलाच्या फोटोसकट. खाली त्याच कंपनीच्या शिकवणीची जाहिरात, इतके पैसे भरा आणि मूल दोन पायऱ्या चढवा. आधी नापास करायचं आणि मग औषध विकायचं. काजूच्या बागेत आणि किनाऱ्यावरच्या शॅकवर राबणारे आईबाप तो लाल रंग बघतात आणि कर्ज काढायची तयारी करतात. एका बापानं फाटकाशी मला विचारलं, टीचर, आमचं चुकलं काय? मराठी शाळेत घातलं तेच चुकलं? मला त्या वेळी रडू फुटायचं तेवढं राहिलं.

कारण हाच प्रश्न आता सगळीकडे फिरतोय. गावच्या मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी एकामागून एक बंद पडताहेत. ज्या उरल्यात त्यांच्यावर असा कागद फेकला जातो, बघा, तुमच्या शाळेची मुलं प्री-ए१. सभेत आकड्यांचा तक्ता पडद्यावर दाखवला जातो, मराठीतून आलेली मुलं एका रंगात, इंग्रजीतून आलेली दुसऱ्या. हा रंग कोणत्या हेडफोनमधून आलाय, हे कुणी विचारत नाही. चौथीपर्यंत मराठीत विचार करायला शिकलेलं मूल पाचवी-सहावीत थोडं अडखळतं आणि आठवीपर्यंत बरोबरीनं उभं राहतं, हे मी माझ्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं पाहत आलेय. पण त्या मुलाला पाचवीतच लाल शिक्का मारला, तर आठवीपर्यंत तोंड उघडायची हिंमत त्याच्यात राहील कशी? त्या चाचणीनंतर हरमलची ती मुलगी वर्गात बोट वर करेनाशी झाली. जी भीती आम्ही घालवली होती ती कंपनीनं परत आणून बसवली.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं शिक्षकांना जनगणना, निवडणूक, आपत्ती निवारण सोडून बाकी अशैक्षणिक कामं लावता येत नाहीत. पण चाचणी शैक्षणिक म्हटली जाते, म्हणून त्याही आडोशाला उभं राहता येत नाही.

मी कंपनीकडे मुलांची रेकॉर्डिंग मागितली. म्हटलं, मी त्यांची शिक्षिका आहे, मला ऐकू दे ही मुलं काय बोलली ते. उत्तर आलं, धोरणात बसत नाही. मुलं आमची, आवाज त्यांचा, आणि ऐकायची मनाई आम्हाला! २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं लिहिलंय. आमच्या पालकांच्या हातात कुठला कागद दिला होता? मी विचारलं तर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

येत्या पालकसभेत मी हे सगळं बोलणार आहे. हेडमास्तरांना तसं आधीच सांगितलंय, रागावले तर रागावोत. बोलण्याचा भाग माणसासमोर घ्या, मी रविवारी येऊन एकेका मुलाशी बसते, जादा पैसा नको मला. सूचना मराठी-कोकणीतून द्या. बर्फाऐवजी मिठागर दाखवा, मांडवी दाखवा, बाजार दाखवा. रेकॉर्डिंग पालकांच्या हातात द्या. आणि हे होत नाही तोवर तो लाल कागद एकाही मुलाच्या प्रगतिपुस्तकाला जोडायचा असेल, तर त्यावर माझी सही मिळणार नाही.