काळ्या पाषाणाच्या खाली काय आहे?

सह्याद्री तळापासून माथ्यापर्यंत निव्वळ लाव्ह्याचा आहे, त्यावरचा प्रत्येक किल्ला म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड आहे, डांगपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी रांग 6.6 कोटी वर्षांपूर्वी जन्मली आणि हिमालय वयाने लहान असल्यामुळे तिथला कोणताही दगड आपल्या दगडाहून नवाच असणार, अशा आशयाचा मजकूर पावसाळी भटकंतीच्या दिवसांत हटकून फिरू लागतो. त्यात एक गोष्ट खरी आहे. महाराष्ट्रातील घाटमाथा बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे आणि त्या लाव्ह्याचे वय सुमारे 6.6 कोटी वर्षे आहे. बाकीची विधाने मात्र खडकाचे वय आणि डोंगराचे वय यांची गल्लत करतात.

पहिले विधान तळाबद्दलचे आहे आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची आता गरज उरलेली नाही, कारण तो तळ प्रत्यक्ष भोक पाडून पाहिलेला आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर त्या भागात धक्के येतच राहिले आणि ते नेमके कोणत्या खडकात उगम पावतात हे कळावे म्हणून गेल्या दशकात कोयना-वारणा परिसरात खोल वेधनविहिरी घेण्यात आल्या. पहिल्या विहिरीत 933 मीटरवर बेसॉल्ट संपला. पुढे सुमारे 3 किलोमीटर खोल गेलेल्या विहिरीत तो 1,247 मीटरवर संपला आणि त्याखाली तळापर्यंत ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (नाइस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक) हेच लागत राहिले. हा बदल डोळ्यांना सहज कळण्याजोगा असतो. बेसॉल्टचा तुकडा काळा, घट्ट आणि इतका बारीक कणांचा असतो की त्यातले खनिज नुसत्या नजरेला वेगळे काढता येत नाही. पट्टिताश्मात मात्र फेल्डस्पारचे पांढुरके-गुलाबी दाणे, काचेसारखी गारगोटी आणि काळ्या अभ्रकाच्या चकाकणाऱ्या रेघा वेगवेगळ्या दिसतात, कारण तो जमिनीखाली खोलवर, अतिशय सावकाश घडलेला असतो. कोयनेच्या या खडकातील झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांवरून त्याचे वय सुमारे 2.7 अब्ज वर्षे निघाले आहे. वरचा लाव्हा त्याच्यापुढे अगदी कालचा म्हणावा लागेल. कोयनेचे भूकंप प्रामुख्याने या पायाच्या खडकातील जुन्या विभंगांवर, म्हणजे ज्यांच्या बाजूने खडक सरकतो अशा भेगांवर होतात, त्यामुळे “खाली सगळा लाव्हाच” हे विधान नुसते चुकीचे नाही, तर ते भूकंपाचे मूळ कारणच दृष्टीआड करते. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या विहिरीत तर 338 मीटरवरच बेसॉल्ट संपला आणि गाळाच्या पातळ थराखाली तोच पुरातन पाया लागला.

दुसरे विधान किल्ल्यांना ज्वालामुखी ठरवते. तसे असते तर लाव्ह्याचे थर प्रत्येक किल्ल्यापासून चहूबाजूंना उतरते दिसले असते. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहिले की समोरच्या कड्यांवर जवळजवळ आडवे पट्टे दिसतात आणि एका डोंगरावरचा पट्टा दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर त्याच उंचीला पुन्हा सापडतो. घाटरस्त्याच्या कापणीत दोन थरांमध्ये कधी हात-दीड हात लाल मातीचा पट्टाही असतो. एक थर थंड होऊन, त्याची झीज होऊन माती तयार झाली आणि मग पुढचा लाव्हा आला, असा त्याचा सरळ अर्थ आहे. हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या डोंगरांतून नव्हे, तर मुख्यतः लांबलचक भेगांतून बाहेर आला. अशा भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती धुळे-नंदुरबार भागात मैलोन्मैल उभ्या आहेत. किल्ल्यांचे डोंगर हे एकेकाळी सलग असलेल्या थरांचे झिजून उरलेले तुकडे आहेत.

तिसऱ्या विधानातील चूक नकाशा उघडला की दिसते. सिंधुदुर्ग-बेळगावच्या आसपास बेसॉल्टचे आवरण संपते. पर्वतरांग मात्र संपत नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला आणि गोव्यात पायाचा खडक उघडाच पडलेला आहे आणि अनमोड घाटातील पट्टिताश्म 3 अब्ज वर्षांहून जुना आहे. दक्षिणेकडे निलगिरीचा दोड्डबेट्टा (2,637 मीटर) चार्नोकाइट या ग्रॅनाइटसारख्या खडकाचा आहे, तर सगळ्या रांगेत उंच असलेला केरळमधील अनैमुडी (2,695 मीटर) हाही अशाच पुरातन, खोलवर भाजून निघालेल्या खडकांचा आहे. या दोन्ही शिखरांवर दख्खनच्या लाव्ह्याचा थर नाही.

मग सह्याद्रीचे वय किती? “3 अब्ज वर्षे” हेही उत्तर चुकीचेच, आणि उत्साहाच्या भरात तेही दिले जाते. डोंगर म्हणून आज जो कडा दिसतो तो या सर्व खडकांनंतरचा आहे. लाव्हा पसरल्यावर थोड्याच काळात, सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, पश्चिम किनारा तयार झाला आणि पठाराची तुटलेली कड झिजत झिजत पूर्वेकडे सरकली. म्हणूनच देशावरून जाताना घाटमाथा आला हे पायांना कळतही नाही आणि पुढच्या पावलावर कोकण हजार मीटर खाली असते.

हिमालयाबद्दलचे विधानही याच गल्लतीतून आले आहे. पर्वत म्हणून हिमालय खरोखरच तरुण आहे, पण ज्या खडकांना घड्या पडून तो उभा राहिला ते जुनेच होते. हिमाचल आणि उत्तराखंडमधील काही पट्टिताश्म सुमारे 1.8 अब्ज वर्षांचे आहेत. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा चुनखडक समुद्रतळावर साचला त्याला 45 कोटी वर्षांच्या आसपास झाली, म्हणजे रायगडाचा कातळ तेव्हा लाव्हा म्हणूनही अस्तित्वात नव्हता.