हातमोजे काढा, हातमोजे घाला

हॅम्बुर्गला डिसेंबरात भारतातून येणारे पाहुणे मुख्यतः बर्फ बघायला येतात. त्यांना कुणीतरी ख्रिसमस मार्केटचा फोटो दाखवलेला असतो. लाकडी टपऱ्या, पिवळे दिवे आणि छपरांवर वीतभर बर्फ. तो फोटो बहुधा आल्प्सकडचा असतो. आमच्या गावात डिसेंबरात पारा तीन-चार अंशांवर अडकून बसतो. बर्फ पडायला ते जास्त आणि माणूस उभा राहायला कमी. पडतो तो पाऊस, आणि तोही सरळ वरून पडेल असं नाही. वारा त्याला आडवा करून थेट कानात सोडतो.

यंदा हिचे मामा-मामी नाशिकहून आले. विमानतळावर पहिला प्रश्न, "जावईबापू, बर्फ कुठाय?" मी तो आधीच मागवून ठेवायला हवा होता, असा एकंदर सूर होता.

मार्केटला जायचं ठरलं गुरुवारी. महिना मार्गशीर्ष, मामींचा उपास. पण इथे डिसेंबरात सूर्य साडेआठच्या आसपास उगवतो आणि चारच्या सुमारास आवरून घेतो, त्यामुळे मामा खुशीत होते. "सूर्यास्त झाला, नाशकात तर रात्रीचे नऊ वाजून गेले. गावातल्या सगळ्या बायकांचे उपास सुटले, तुझाच कसा राहिला?" मामींनी माकडटोपीच्या आतून एवढंच सांगितलं, "घरी जाऊन पूजा केल्याशिवाय नाही." विषय संपला.

मार्केट रातहाउससमोर. रातहाउस, म्हणजे इथली महापालिका म्हणा, विधानसभा म्हणा, दोन्ही त्याच इमारतीत आहे. १८९७ साली पूर्ण झालेली ही इमारत, आत ६४७ खोल्या. हा आकडा मी मामांना मोठ्या अभिमानाने सांगितला. मामांनी त्या उबदार, उजळलेल्या खिडक्यांकडे पाहिलं, मग समोरच्या चौकात पावसात दाटीवाटीने उभ्या असलेल्या हजारो माणसांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग हे सगळे बाहेर का उभे आहेत?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं इथे राहून कुणाला विचारू शकलो नव्हतो. उत्तर मला माहीत आहे, पण ते जर्मन माणसाच्या तोंडावर सांगायचं म्हणजे जोखीम. माझं मत असं की या बाजारात वाइन, सॉसेज, लाकडी खेळणी हे सगळं निमित्त आहे. खरा माल थंडी. ती फुकट वाटतात, आणि तिच्यावरचा उतारा मगामगाने विकतात. त्याच टपऱ्या जूनमध्ये लावून बघा, गरम मसालेदार वाइनला कुत्रं विचारणार नाही.

आणि पूर्वीचे लोक असे नव्हते, याला पुरावा आहे. चौदाव्या शतकात इथले व्यापारी थेट कॅथेड्रलमध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चर्चमध्ये घुसून दुकानं मांडत. १३३४ साली आर्चबिशपने त्यांना बंदी केली, पण १३३७ साली त्यालाच नमतं घ्यावं लागलं. हवा फारच वाईट असेल तर या बाबांनो आत, असं ठरलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कॅथेड्रलच पाडलं. जत्रा मात्र टिकली, आणि मोकळ्या मैदानात भरत असूनही अजून तिला 'डोम' म्हणजे कॅथेड्रलच म्हणतात. छप्पर गेलं, नाव राहिलं, लोक भिजतायत.

थंडीचं एक वेळ सोडा, खरा छळ हातमोज्यांचा. बाजारातली एकही गोष्ट हातमोजे घालून करता येत नाही. पैसे द्यायचे, काढा. वाइनचा मग धरायचा, काढा, नाहीतर ऊब कळणार कशी? मामांना फोटो हवा, ओल्या लोकरीच्या बोटाला फोन ओळखत नाही, काढा. तेवढ्यात एक हातमोजा खाली पडतो, तो उचलायला वाकावं तर मागच्याच्या सॉसेजमधली मोहरी आपल्या पाठीवर. त्यात काही टपऱ्यांवर रोखच लागते. मामांना हे पटेना. "आमच्याकडे कोथिंबीरवाला क्यूआर लावून बसतो, आणि हे लोक विमानं बनवतात?" बनवतात, याच गावात बनवतात, मीही तिथेच चार बोल्ट मोजतो. पण चिल्लर मोजायला बोटं उघडीच लागतात.

खाण्याची वेळ आली. बटाट्याचे धिरडे तळत होते, वर सफरचंदाचा गोड गर. मामींचे डोळे चमकले. "बटाटा! चालतो." त्यात कांदा, अंडं आणि मैदा असतो हे त्यांना सांगणं भाग पडलं. मश्रूम होते, त्यावर लसणाचा सॉस. बाकी जिकडेतिकडे सॉसेज, अर्धा हात लांब, चिमुकल्या पावातून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. मार्गशीर्षात त्या गल्लीतून मामी नाकाला पदर लावून गेल्या, म्हणजे मफलर. शेवटी साखरेत परतलेले गरम बदाम सापडले. बदाम चालतात, साखर चालते, दालचिनीवर थोडा खल झाला आणि तीही चालवून घेतली. कागदी पुडा संपेपर्यंत मामी कुणाशी बोलल्या नाहीत.

मामा ग्ल्यूवाइनच्या, म्हणजे त्या गरम मसालेदार वाइनच्या टपरीशी. द्राक्षांच्या गावचा माणूस, वायनरीत जाऊन पेला गोल फिरवून वास घेणारा. "वाइन उकळतात? बिघडली होती का?" उकळत नाहीत, मी सांगितलं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळून उडायला लागतं, म्हणून नुसती गरम ठेवतात. कायद्याने त्यात किमान सात टक्के अल्कोहोल राहावंच लागतं. मामांना कायद्याचा हा भाग फार आवडला. मामींनी वास घेऊन लवंग, दालचिनी, चक्रीफूल ओळखलं आणि "हा तर सर्दीचा काढा" असा निकाल दिला. त्यामुळे मामांनी दुसरा मग औषध म्हणून घेतला.

तितक्यात उडता सांता आला. या चौकावरून दोरीला टांगलेली घसरगाडी जाते, रेनडिअरसकट, आणि वरून सांता गोष्ट सांगतो. सगळा चौक वर बघतो. वर बघितल्यावर पाऊस डोळ्यात जातो आणि तिरका धरलेला मग बाहीत रिकामा होतो. बाहीतली वाइन पहिल्या मिनिटाला सुखद वाटते. पुढचं विचारू नका.

मामांच्या हातात एव्हाना शहरातल्या मार्केटांचं पत्रक आलं होतं. हॅम्बुर्गात ही मार्केटं चौकाचौकात. तळ्याकाठी पांढऱ्या तंबूंचं, चर्चच्या बाजूला एक, आणि यादीत 'सांता पाउली'. "हे कुणी संत दिसतात," मामी म्हणाल्या, "गुरुवार आहे, दर्शन घेऊन जाऊ." हे मार्केट रेपरबानवर, म्हणजे इथल्या लाल दिव्यांच्या वस्तीत भरतं. तिथल्या टपऱ्यांवर ज्या वस्तू मिळतात त्या मामींना दाखवणं म्हणजे माझा संसार मोडणं, आणि तिथल्या तंबूत जे चालतं ते मामांना दाखवणं म्हणजे त्यांचा. ते आज बंद असतं, असं मी सांगून टाकलं. हिने माझ्याकडे पाहिलं आणि खोकला आल्याचं निमित्त केलं.

दर चार टपऱ्यांआड मेणबत्त्यांची हिरवी वर्तुळं विकायला होती. तीही हॅम्बुर्गचीच देणगी. १८३९ साली योहान हिनरिख विखेर्न हे गृहस्थ इथे गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवत. ख्रिसमस कधी, ख्रिसमस कधी, असं मुलं रोज विचारून जीव खात, म्हणून त्यांनी जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. पाहुणे घरी असले की मीही अशीच मोजणी करतो, पण मनातल्या मनात.

मग जे व्हायचं ते झालं. गरम वाइनचे मग, चार अंश थंडी आणि साठी उलटलेला पुरुष. "जावईबापू, जरा..." मामा अस्वस्थपणे म्हणाले. शौचालय चौकाच्या कोपऱ्यात, तिथे नाणं लागतं, आणि खिशात उरली होती पन्नासची नोट. नाणी मिळण्याचा एकच मार्ग होता. इथे मगावर अनामत घेतात. मग परत केला की पैसे परत. दोन्ही मग मामींनी शालीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवले होते.

"एका मगाचे साडेतीनशे-चारशे रुपये भरलेत," मामी म्हणाल्या. "रातहाउसचं चित्र आहे त्यावर, साल आहे. भिशीत काय दाखवू?"

मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होते. ही मध्ये पडली. तडजोड अशी की एक मग सुटेल, एक राहील. टपरीवरच्या रांगेत मी, शौचालयाच्या रांगेत मामा, आणि मामांच्या अंगावर थर्मल, त्यावर लोकरी पायजमा, त्यावर पँट, त्यावर पावसाळी पँट. आम्ही बाहेर बराच वेळ थांबलो. बदामांचा आणखी एक पुडा संपला.

मामा बाहेर आले ते नव्या माणसासारखे. दोन्ही हातमोजे नीट घातलेले, माकडटोपी सरळ. "आता बरं वाटतंय. पण आत हीटर नव्हता हो, गारठलो पार. एकेक मग घेऊया का?"

"घ्या," मामी म्हणाल्या, "पण या वेळी त्या पलीकडच्या टपरीवर. तिथले निळे आहेत."