चार माणसं, पाच कोळंब्या

नवीन स्पॅनिश ग्रिल उघडलंय आणि दुपारी चौघांनी मिळून तापास, म्हणजे छोटे छोटे स्पॅनिश पदार्थ, खायचं ठरलंय ना? मग आधी घरी थोडं खाऊन निघा. तापासच्या टेबलावर मुख्य काम असतं ते उदार दिसण्याचं, आणि पोटात कावळे ओरडत असताना ते काही जमत नाही.

बसल्याबसल्या कुणीतरी म्हणेलच, ‘आपण सगळं शेअर करू.’ हे कोण म्हणालं ते नीट बघून ठेवा आणि त्याच्या शेजारी बसू नका.

मग वेटर येईल. ‘आमच्याकडे पहिल्यांदाच?’ असं विचारेल आणि हो म्हणालात की ‘कन्सेप्ट’ समजावेल: प्लेट लहान असतात आणि जशा तयार होतील तशा येतात. म्हणजे स्वयंपाकघराला जे जेव्हा जमेल ते तेव्हा येणार. हेच एखाद्या साध्या हॉटेलात झालं असतं तर तुम्ही मॅनेजरला बोलावलं असतं. इथे मात्र मान डोलवायची.

शाळेत ‘स, ला, ते’ घोकलेल्यांना ‘तापास’ म्हणजे ‘ताप’ या शब्दाची चतुर्थी वाटण्याचा संभव आहे. वाटू द्या, बिल येईपर्यंत अर्थही पटेल. स्पॅनिशमध्ये ‘तापा’ म्हणजे झाकण. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात म्हणे शेरीच्या पेल्यात माशा पडू नयेत म्हणून वर पावाचा नाहीतर हॅमचा काप ठेवायचे, आणि त्या झाकणाचाच पुढे खाऊ झाला. दंतकथाच ती, पण टेबलावर सांगायला झकास. फक्त कधी सांगायची याचं भान ठेवा. मला ते राहिलं नाही.

तापास कारण की, गांबास आल आहियो, म्हणजे लसणातली कोळंबी, आली तेव्हा मी नेमका गोष्टीतल्या त्या पेल्यातल्या माशांपर्यंत पोचलो होतो. मातीची लहानशी वाटी, कडेला अजून चुरचुरणारं ऑलिव्ह तेल, लसणाचे सोनेरी काप, एक लाल मिरची आणि पाच कोळंब्या. आम्ही चौघं. हॉटेलवाले चौघांच्या टेबलाला चार कोळंब्या कधीच देत नाहीत. तीन देतील, पाच देतील. भागाकार पूर्ण सुटला तर मैत्रीची परीक्षा कशी होणार? मी हातांनी पेला, झाकण, माशी असं सगळं साग्रसंगीत दाखवलं आणि हात खाली आणले, तर वाटीत एक कोळंबी आणि तीन काटे. ‘घे ना, तुझीच आहे,’ तिघंही म्हणाले. काटे मात्र कुणी मागे घेतले नाहीत. मी पाव तेलात बुडवून खाल्ला आणि ‘खरी चव तेलातच असते’ असं म्हणालो. हे वाक्य पाठ करून ठेवा, फार कामाला येतं.

पाद्रोनच्या मिरच्या जरूर मागवा. गॅलिसियातल्या या बुटक्या हिरव्या मिरच्या तेलात परततात आणि वर जाड मीठ भुरभुरवतात. ‘काही झोंबतात, काही नाही’ अशी त्यांच्याबद्दल स्पेनमध्ये म्हणच आहे. तुमच्या वाट्याला झोंबणारी आली तर चेहरा हलू देऊ नका. डोळ्यांत पाणी येण्याआधी शांतपणे म्हणा, ‘अगदी सौम्य आहेत.’ मग बाकीचे दोन-दोन उचलतील.

ग्रुपमधल्या शाकाहारी माणसाची वेगळी काळजी घ्यावी लागते. त्याच्यासाठी पातातास ब्रावास येतात, म्हणजे तळलेले बटाटे आणि वर तिखट सॉस. टोमॅटो चोळलेला पावही येतो. या दोन्ही गोष्टींची ‘जरा चव’ घेणं हे सर्व मांसाहारींचं कर्तव्य आहे, आणि चव एका घासात कळत नाही. त्याने मात्र तुमच्या हॅमची चव घ्यायचा प्रश्नच नाही. एकतर्फी वाटपाचा इतका निर्मळ नमुना दुसरीकडे सापडणार नाही. बटाट्याच्या स्पॅनिश तोर्तियात अंडं असतं हे त्याला ती आल्यावरच सांगा.

एव्हाना ग्रिलवरून चुलेतोन येईल. कोळशावर भाजलेला, हाडासकटचा गोमांसाचा जाडजूड तुकडा. हा वजनावर विकतात, म्हणून मागवणारा नेहमी दुसऱ्याकडे बघून विचारतो, ‘एक किलो पुरेल ना?’ वेटर त्याचे काप करून पंख्यासारखे मांडतो. कडेचे काप जास्त भाजलेले, मधले लालसर. प्लेट टेबलावर ठेवताना मधला भाग आपल्याकडे यावा म्हणून ‘थांबा, जागा करतो’ म्हणत ती थोडी फिरवता येते. हाताला सवय लागली की कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्पेनविषयीचं ज्ञान पाजळायचं तर ते प्लेट रिकामी असताना. तिकडे तापास बहुतेकदा बारपाशी उभ्यानेच खातात, एका बारमध्ये एक, मग पुढचा बार. उत्तरेकडच्या बास्क प्रांतात पिंचो मिळतात, काडी टोचलेले छोटे घास, आणि कित्येक ठिकाणी शेवटी काड्या मोजून बिल करतात. किती सभ्य पद्धत! कुणी किती खाल्लं याचा पुरावा समोर पडलेला असतो. आपल्या टेबलावर पुरावा उरत नाही, उरतो तो फक्त विश्वास. ग्रानादा शहरात मात्र पेयाबरोबर तापा फुकट मिळतो. हे बिल आल्यावर सांगू नका, मी सांगून पाहिलंय.

आता शेवटचा तुकडा. स्पेनमध्ये त्याला ‘लाजेचा’ म्हणतात, कारण तो उचलायची सगळ्यांनाच लाज वाटते. आमच्याकडे क्रोकेता उरली होती. बाहेरून कुरकुरीत, आत बेशमेल नावाचा दाट पांढरा सॉस, एका बाजूने जराशी फुटलेली. ‘तू घे.’ ‘नाही रे, मी फुल.’ ‘अर्धी अर्धी करू या का?’ चौघांत अर्धी? वीस मिनिटं ती तिथेच निवत पडली. जेवणानंतर टेबलावरच गप्पा मारत रेंगाळण्याला स्पॅनिश लोक ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. आम्हीही रेंगाळलो, पण नजर तिच्यावर ठेवून. शेवटी वेटर आला, पुढचं बुकिंग आहे असं नम्रपणे म्हणाला आणि प्लेटकडे हात नेत विचारलं, ‘हे उचलू?’

‘हो हो, उचला,’ चौघंही एका सुरात म्हणालो, आणि स्वयंपाकघराचं दार बंद होईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मग बिल आलं. त्याचे सरळ चार भाग केले. त्यात त्या क्रोकेताचेही.